शेवटचा भाग आणि मंजूची सोयरीक

आमचे बाबूजी वयाच्या सत्तरीत अंतराळात गेले.

म्हणजे देह आमच्या सौंदड गावीच असतो, बैठकीतल्या लाकडी दिवाणावर, पाठीशी लोड आणि हाताशी पानाचा डबा. पण रविवारी दुपारी टीव्हीवर 'नौवाँ यान' लागलं की त्यांचा पृथ्वीशी संबंध संपतो. त्या वेळात घरी कोणी आलं तर ते "बस" म्हणतात, "पानी पे" म्हणतात, आणि आलेल्याच्या तोंडाकडे एकदाही बघत नाहीत. एकदा गावचे सरपंच आले, काम सांगितलं, उत्तराची वाट पाहिली, शेवटी स्वतःच "बरं, होऊन जाईल" असं स्वतःला सांगून निघून गेले.

'नौवाँ यान' ही कुठल्याशा परदेशातली मालिका, हिंदीत बोलती केलेली. पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही, म्हणून माणसं यानं भरभरून दुसऱ्या ग्रहाच्या शोधात निघालेली. आठ यानं वाटेत हरवली, नवव्यात आपली मंडळी. यानाची कप्तान एक बाई, नाव एरा. भुरे केस, मोजकं बोलणं, आणि कमरेला एका पेटीची किल्ली. त्या पेटीत पृथ्वीवरचं शेवटचं बियाणं. यानातलं खाणं संपत आलंय, लोक पेटीकडे बघून आवंढे गिळतात, आणि एराबाई पेटी उघडत नाही. (मी अख्खी मालिका चार ओळींत सांगितली हे बाबूजींना कळलं तर ते मला यानातून बाहेर ढकलतील.)

माय गेल्यावर बाबूजी बोलेनासे झाले होते. जेवायला बोलावलं की यायचे, ताट सरकवून उठायचे. टीव्ही आम्ही नुसता घरात आवाज असावा म्हणून लावून ठेवत होतो. एका रविवारी त्यात ती पेटी दिसली आणि दिवाणावरचा माणूस उठून बसला. आमच्याकडे बियाण्याच्या धानाची ढोली असते, बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली. खायचं धान वेगळं, पेरायचं वेगळं. घरात एखाद्या वेळी चूल पेटली नाही तरी त्या ढोलीला हात लावायची कोणाची छाती नसे. बाबूजींनी पेटी पाहिली, कमरेची किल्ली पाहिली, आणि कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले, "ही बाई आपल्यातली होय."

त्या दिवसापासून मी त्या परदेशी लोकांचा मनापासून आभारी आहे. त्यांनी माझा बाप मला परत दिला, भले तो आठवड्यातून एकदा यानात का जाईना. पुढं तर बाबूजी पानठेल्यावर जाऊन म्हाताऱ्यांना गोष्ट सांगू लागले, एराबाईला सल्ले देऊ लागले. माझ्याकडे मात्र तिरक्या नजरेनंच बघत. मी कृषी केंद्र चालवतो, म्हणजे पिशवीतलं बियाणं विकतो. बाबूजींच्या लेखी खरा परग्रहावरचा प्राणी मीच.

आता मंजूबद्दल. मंजू माझी धाकटी बहीण, गोंदियाच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हुशार, कामसू, दिसायला मायसारखी. तिच्यात दोष एकच, ती बोलते. आलेली स्थळं चहा पिऊन जात आणि मध्यस्थाकडून निरोप येई, "पोरगी चांगली होय, पन आयकून घेत नाही." एका मुलानं म्हणे गुरुत्वाकर्षणावर काहीतरी विधान केलं आणि मंजूनं त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. ते स्थळ जमिनीवर आलंच नाही.

मग एका लग्नात तिला नवेगाव बांधचा प्रशांत भेटला. जनावरांचा डॉक्टर. मांडवाबाहेर दोघं गाईच्या पोटफुगीवर इतका वेळ बोलत उभे होते की पंगत उठून गेली. घरी आल्यावर मंजू माझ्या बायकोला, वनिताला, हळूच म्हणाली, "वहिनी, हे जमलं तं बरं होईन." आमच्या मंजूनं आजवर कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ते ऐकून मी मनाशी ठरवलं, की ही सोयरीक मी जमवूनच दाखवणार, आणि त्यात कुठेही चूक होऊ देणार नाही.

म्हणून मी स्वतः फोन केले, स्वतः मध्यस्थाला भेटलो, मुलाचे मामा कधी मोकळे ते विचारलं आणि दिवस पक्का केला. मुलाची आई येणार, बोलणं करणार, आणि मनाला आलं तर तिथेच मुलीच्या कपाळाला कुंकू लावणार. कुंकू लागलं म्हणजे सोयरीक पक्की.

"कोनता दिवस?" वनितानं विचारलं.

"रविवार. दुपारी."

वनिता भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला. "बाबूजीले विचारलं?"

"त्याईले काय विचारायचं? पोरगी त्याईचीच होय."

"त्या दिवशी यानाचा शेवटला भाग होय जी. पेटी खोलते की नाही, ते त्या दिवशी समजते. महिनाभरापासून सांगून राहिले ते."

दिवस बदलायची सोय नव्हती, कारण पुढं मुहूर्त नव्हते आणि मामांना सवड नव्हती. आणि बाबूजींना विचारलं असतं तर ते शांतपणे म्हणाले असते, "पाहुन्यायले दुसऱ्या रविवारी बोलाव," आणि वरून स्वतः फोन करून कारणही सांगितलं असतं. मुलीच्या बापाला टीव्ही बघायचा आहे, म्हणून सोयरीक पुढे ढकला! एवढं ऐकल्यावर कोणती मुलाची आई आमच्या दारात उभी राहिली असती?

तेव्हा मी डोकं चालवलं. (आमच्या घरात हे वाक्य आलं की वनिता देवासमोर दिवा लावते.)

रविवारी सकाळी पाना घेऊन मी स्लॅबवर गेलो. डिशची छत्री जिथे खांबाला बसवलेली असते, तिथला मोठा नट सैल केला आणि छत्री वळवून तोंड रस्त्याकडे, म्हणजे आभाळाकडे सोडून सगळीकडे केलं. पुन्हा कसायला गेलो तर नट हातातून सटकला, पन्हाळाच्या भोकातून खाली गेला आणि अंगणातल्या तणसाच्या ढिगात दिसेनासा झाला. धान मळून झाल्यावरचं सगळं तणस होतं ते, एक बैलजोडी पावसाळाभर खाईल एवढं. मी म्हटलं, असू दे, आज छत्रीचं काय काम आहे.

खाली बाबूजी निळ्या पडद्यासमोर बसले होते.

"गजू, हे काऊन येऊन नाही राहिलं?"

"मौसम खराब असन, बाबूजी."

बाबूजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. चैत्रातलं आभाळ, घासलेल्या ताटासारखं लख्ख. "मौसमले काय झालं?"

"वरती खराब असते. इथून दिसत नाही."

अंतराळात ये-जा असलेल्या माणसाला हे पटायला हवं होतं. पटलं की नाही कोण जाणे. उठून त्यांनी ठेवणीतलं धोतर नेसलं, पटका बांधला, आणि परत येऊन त्याच निळ्या पडद्याकडे बघत बसले. मला वाईट वाटलं. पण आतल्या खोलीत मंजू मायची हिरवी साडी नेसून तयार होत होती, तिच्याकडे पाहून मी मन घट्ट केलं. तिला म्हटलं, "मंजू, आजच्या दिवस बोलू नको. ते विचारतीन तेवढंच. हो आन नाही."

"बरं," मंजू म्हणाली. एवढं छोटं उत्तर तिनं आयुष्यात पहिल्यांदा दिलं असेल.

पाहुणे वेळेवर आले. पुढं पांडुरंग मामा, धिप्पाड आणि बोलके. मागं प्रशांत, आणि त्याच्या मागं त्याची आई, सुशीलाबाई. उंच, सडसडीत बाई. नवरा गेल्यावर एकटीनं शेती करून मुलाला शिकवलं होतं, ते चालण्यातच दिसत होतं. त्या बसल्या, पाणी घेतलं आणि समोरच्या टीव्हीच्या निळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

भजी आली, लाडू आले, चहा आला. सुशीलाबाई कशाला हात लावेनात. मी जमिनीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, तणसाच्या ढिगाचंही कौतुक सांगितलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून "हो जी" म्हणत. प्रशांत मान खाली घालून मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता. बाबूजी निळ्या पडद्याकडे बघत होते. बोलत होतो फक्त मी आणि मामा, आणि आम्ही दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हतो.

"आमची मंजू लय कमी बोलते," मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या मंजूनं माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर अजून विसरलो नाही.

तेवढ्यात सुशीलाबाईंनी पदर सारखा केला. "आमाले निघा लागते जी."

अजून मुलीला समोर बसवलंही नव्हतं. "काऊन जी? काही चुकलं का आमचं?"

"नाही, चुकन काय. घरी काम होय."

"रविवारचं कायचं काम?" बाबूजींनी विचारलं. आमच्या भागात माणूस असंच सरळ विचारतो, पण व्हायच्या विहिणीला नाही विचारत.

सुशीलाबाई पदराशी चाळा करू लागल्या. शेवटी प्रशांत लाल होत म्हणाला, "आईची मालिका होय. आज शेवटला भाग."

"तू गप्प राय रे," सुशीलाबाई पार ओशाळल्या. "मी म्हटलंच होतं याले, दुसरा दिवस घे म्हनून. याच्या मामाले टाइम नोहता. तसं काही नाही जी, आपलं ते यानाचं..."

दिवाणावरचा लोड खाली पडला. बाबूजी सरळ होऊन बसले होते.

"एराबाईचं?"

"तुमी बी पायता?"

"पायतो?" बाबूजी म्हणाले. "मी तं तिच्या संगच होय, पैल्या दिवसापासून."

जत्रेत हरवलेले भाऊ-बहीण भेटावेत तसे ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इकडे मी आणि प्रशांत नुसते बघत राहिलो. मग बाबूजींचा चेहरा पडला. "पन आमचा टीव्ही बंद होय आज," ते म्हणाले. "वरती मौसम खराब होय म्हनते हा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी बघतो न," मी उठलो. "एवढं काय त्याच्यात."

"मोठा गुनी पोरगा होय," सुशीलाबाई मागून म्हणाल्याचं मला जिन्यात ऐकू आलं. वनिताला खोकला आला.

वर स्लॅब तापली होती. मी छत्री पुन्हा आभाळाकडे वळवली, थोडी इकडे, थोडी तिकडे, आणि खालून वनितानं हाक दिली, "आली." मी हात काढला. छत्रीनं मान टाकली. खालून पाच माणसं एकदम ओरडली, "गेली!" पुन्हा धरली. "आली." तणसाच्या ढिगाकडे बघितलं. त्यात नट शोधायचा तर पुढच्या हंगामापर्यंत सापडला असता.

वनिता अंगणात येऊन वर बघू लागली. "सोडू नका. हात काढला की जाऊन राहिली."

"मंग किती वेळ धरून राहू?"

"संपेपर्यंत. सुरू झालं ते."

"माह्या चपला खाली होत."

तिनं चपला वर भिरकावल्या, पाठोपाठ ओला दुपट्टा. तो मी डोक्यावर घेतला आणि छत्रीला मिठी मारून उभा राहिलो. बैठकीचा झरोका माझ्या पायाखालीच होता, त्यामुळे आतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. तेव्हा 'नौवाँ यान'चा शेवटचा भाग मी पाहिलेला नाही. मी तो फक्त लोकांच्या तोंडून ऐकला आहे.

सुरुवातीला नुसतं संगीत आणि शांतता. मग मामांचा आवाज.

"हे बाई कोन होय?"

"कप्तान," सुशीलाबाई.

"अना हा बुडा?"

"तिचा बाप."

"काचेतून काऊन बोलून राहिला तो?"

"मेला तो. आधीच बोलून ठेवलं होतं त्यानं."

"मेला तरी बोलते?"

"मामाजी," बाबूजी म्हणाले, "मी तुमाले मंग समदं समजावून सांगतो. आता तोंड बंद ठेवा."

मुलाच्या मामाला! माझा हात हलला. खालून ओरड आली, मी हात पुन्हा घट्ट केला.

मग यान उतरलं. ते मला कसं कळलं, तर बाबूजींचा आवाज कापला. "उतरली. उतरली माय माही." सुशीलाबाईंनी टाळी वाजवली. बाबूजी म्हणाले, "माती पाय, माती. कशी कारी होय." त्यावर सुशीलाबाई म्हणाल्या, "आमच्या धानाच्या बांधीसारखी." एका परक्या ग्रहाची माती दोन धानवाल्यांनी नुसत्या नजरेनं पारखली, आणि दोघांचंही एकमत झालं. माझा जीव जरा भांड्यात पडला. मला वाटलं, एराबाईच आपली सोयरीक जमवते आता.

ते वाटणं फार टिकलं नाही. यानातली लेकरं भुकेनं रडायला लागली असावीत, कारण सुशीलाबाई म्हणाल्या, "खोल न बाई पेटी. लेकरं मरून राहिले."

"खोलाची नाही," बाबूजी.

"काऊन नाही?"

"बियाणं होय ते."

"अना ते लेकरं नोहेत?"

"बियाणं खाल्लं तं पुढच्या साली काय खातीन?"

"पुढच्या साली खाले कोन रायते जी?"

दोघांचेही आवाज चढले. मी वरून झरोक्याच्या दिशेनं वाकलो. "बाबूजी, जाऊ द्या न." वाकलो तशी छत्री वाकली. खालून दोन्ही घरांचे लोक एका सुरात ओरडले, "छत्री धर बे!" त्या दुपारी दोन्ही बाजूंचं तेवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं.

चित्र परत आलं आणि भांडणही. सुशीलाबाईंचा आवाज आता बारीक झाला होता. बारीक झालेला आवाज ओरडण्यापेक्षा वाईट. "मी लेकराले उपाशी निजवलं होय जी," त्या म्हणाल्या. "एका साली. बियाणं घरात होतं, अना मी शिजवलं नाही. आजही मले त्याच्यानं झोप लागत नाही. अना तुमी मले सांगता बियाणं मोठं म्हनून. ज्या घरी लेकरापेक्षा धान मोठं, त्या घरची पोरगी मी कशी करू?"

टीव्हीत वारा सुटल्याचा आवाज तेवढा येत होता. मी वर उभा होतो, दोन्ही हात अडकलेले, दुपट्टा सुकलेला, आणि डोळ्यांसमोर मायच्या साडीतली मंजू. धावत खाली जावं तर छत्री पडते, आणि पेटी उघडायच्या क्षणाला चित्र गेलं तर उरलेली सोयरीकही जाते. एवढा लाचार मी कधीच झालो नव्हतो.

आणि तेवढ्यात मंजूचा आवाज आला. "काकू, एक बोलू का?"

मी डोळे मिटले. देवा, हिला हो आणि नाही एवढंच सांगितलं होतं.

"बोल," सुशीलाबाई म्हणाल्या.

"पेटी एवढीशी होय. वाटली तं समद्यायले एक घासही पुरत नाही. खोलली तरी लेकरं वाचत नाही, नाही खोलली तं कोनी तिले माफ करत नाही. चूक तिची ती नोहेच. पेटीत किती होय ते तिनं कोनाले दाखवलंच नाही. म्हनून समद्यायले पेटी डोंगराएवढी वाटून राहिली. समद्यायच्या समोर खोलून दाखवाव न. लेकरायच्या मायाच म्हनतीन, झाक बाई, अना पेर."

मंजू थांबली नाही (ती थांबत नाहीच). "बाबूजी, तुमी आमाले ढोलीपासून नुसतं हाकलत होते. मायनं मले एक दिवस वर चढवून आत दाखवलं होतं. तळाले एवढंसं धान. मंग मी कधी मांगितलं नाही. काकूनं बी प्रशांतले दाखवलं असन. नाहीतं तो असा मोठा झाला नसता."

वारा वाहत राहिला. मग बाबूजींचा आवाज आला. "मायवर गेली पोरगी."

वर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ऊन फार होतं, हेही खरं. पण मी स्पष्टच लिहितो, ते पाणी उन्हाचं नव्हतं. जिला मी बोलू नको म्हणून दटावलं होतं, तिचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की छत्री सोडून नाचावंसं वाटलं.

"पन मले नाही पटलं," हा प्रशांत. मी दातओठ खाल्ले. "उपाशी मानसाले पेटी दाखवली तं तो पैले झडप घालते. मी रोज पायतो. उपाशी बैल सरकीची ढेप पायली का दावं तोडते."

"मानूस बैल नोहे," मंजू.

"बैल बरा. तो मंग गुपचूप तरी बसते."

"म्हंजे मी बसत नाही म्हनता?"

"मी बैलाचं बोलून राहिलो."

"मी बी बैलाचंच विचारून राहिली."

मंजू हसली. मग प्रशांत हसला. मग दोघं सगळं विसरून एकमेकांशी भांडत सुटले. एराबाईची बाजू, लोकांची बाजू, बैलांची बाजू. त्या भांडणात एवढा आनंद होता की सुशीलाबाईही बघत राहिल्या असाव्यात, कारण मामांनी मध्येच विचारलं, "आता हे पोरं कोन होत? हे बी यानातलेच का?" आणि त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

"श्शू," बाबूजी म्हणाले. "किल्ली काढली."

टीव्हीत कुलूप खटकन वाजलं, झाकण करकरलं, संगीत चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं.

मग दोन म्हातारी माणसं एकदम, एका आवाजात, "आं?"

"काय झालं?" मी वरून विचारलं.

"संपलं," बाबूजी म्हणाले. "झाकण खोललं, बाईच्या तोंडावर उजेड पडला, अना संपलं. आतमधी काय होय, दाखवलंच नाही."

"असं कुठं असते का जी?" सुशीलाबाई संतापल्या होत्या. "एवढे दिवस मानसाले बसवून ठेवाव, अना टायमावर झाकण लावाव?"

"बेइमान लोक होत," बाबूजी. "आता पुढचं पर्व कवा येते, कोनाले मालूम."

"तोवर मी कोनासंग बोलू? याच्या मामाले काही समजत नाही. हा पोरगा दिवसभर दवाखान्यात."

"मले फोन करा न."

"फोन कायले?" सुशीलाबाई म्हणाल्या. "मी येत जाईन न घरी. पोरीले भेटाच्या बहान्यानं." मग जरा थांबल्या. "आमचं बी चुकलंच जी मघाशी, तोंडात आलं ते बोललो. ह्या पोरीनं सांगितलं तसं त्या लिहिनाऱ्यायले बी सुचलं नाही. मले हेच पोरगी पायजे. कुंकू आना, इवाई."

इवाई! आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हा शब्द कानावर पडावा म्हणून मी कितीतरी दिवस फोन फिरवत होतो. आता तो पडला, आणि मी पायाखालच्या झरोक्यातून ओरडलो, "मी येऊ का खाली?"

"थांब, थांब," बाबूजींचा आवाज. "पुढच्या पर्वाचं काही दाखवतीन म्हनते. हात नको काढू."

मी नाही काढला. सोयरीक जमली होती, आता शेवटच्या क्षणी छत्री पाडून विघ्न कशाला आणा. खालून बांगड्यांचा आवाज आला, कुंकवाच्या करंड्याचा आला, मामांनी "लाडू आना" म्हटल्याचा आला. माझ्या लाडक्या बहिणीच्या कपाळाला कुंकू लागलं ते मी झरोक्यातून ऐकलं. उन्हानं हात आखडून गेले होते, पण मन इतकं भरून आलं होतं की मी छत्रीलाच दोनदा थोपटलं.

मग सगळे अंगणात आले. आत अंधारं म्हणून बाहेर फोटो काढायचा ठरला असावा. बाबूजी पटका सारखा करत मध्ये उभे राहिले, शेजारी सुशीलाबाई, मंजू आणि प्रशांत अजूनही बैलाचंच काहीतरी बोलत, मामांच्या तोंडात लाडू. वनितानं मोबाईल धरला. मी वरून म्हटलं, "मी येतो न," पण ते कोणी ऐकलं नाही, कारण बाबूजी तेव्हा नव्या इवायणीला, पेटीत नक्की धानच असणार, ते समजावून सांगत होते.

तो फोटो आता फ्रेम करून बैठकीत लावला आहे. नवेगाव बांधलाही त्यांच्या घरी तोच आहे. त्यात सगळे हसतात, मंजू तर मायसारखी दिसते. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, स्लॅबच्या कठड्यापाशी, डोक्यावर दुपट्टा घेतलेला मुलीचा मोठा भाऊ डिशच्या छत्रीला दोन्ही हातांनी कवटाळून उभा आहे. चेहऱ्यावर मोठ्या जबाबदारीचा भाव. वनितानं मला नंतर सांगितलं, टीव्ही तर तिनं कुंकू लावायच्या आधीच बंद केला होता.